मॅकिन्लीचा टॅरिफ आणि पत्र्याचा पेला

प्रश्न: नमस्कार काका, मुलगा पीथमपूरला कंपनीत आहे, त्यांचा माल अमेरिकेला जातो म्हणून घरात रोज टॅरिफचाच विषय. बातम्यांत सारखं मॅकिन्लीचं नाव येतं, त्यानं आयातीवर ड्यूटी लावून अमेरिका श्रीमंत केली म्हणे. खरंय का हे?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर: ताई, अर्धं खरंय. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

विल्यम मॅकिन्ली अमेरिकेतल्या ओहायो राज्याचा, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. १८९० साली तो खासदार असताना त्याच्या नावाचा टॅरिफ कायदा झाला आणि आयातीवरची सरासरी ड्यूटी ५० टक्क्यांच्या जवळ गेली. त्यातली टिनच्या पत्र्याचीच गोष्ट घ्या, म्हणजे कथिलाचा मुलामा दिलेला पातळ पत्रा, आपल्याकडे तेलाचे डबे ज्याचे येतात तो. अमेरिका हा पत्रा मुख्यतः ब्रिटनमधल्या वेल्सकडून घ्यायची, त्यावरची ड्यूटी दर पौंड वजनामागे १ सेंटची २.२ सेंट झाली, मग वेल्समधल्या मिला बंद पडायला लागल्या, तिथले कितीतरी कारागीर अमेरिकेत गेले आणि थोड्याच वर्षांत अमेरिका स्वतःच पत्रा बनवायला लागली. कारखाने उभे राहिले, हे मान्यच करायला पाहिजे.

पण पैसे कोणाच्या खिशातून गेले? त्याच वर्षी निवडणूक होती आणि असं सांगतात, की विरोधकांनी ओहायोत फेरीवाले पाठवले, ते दारोदार पत्र्याचे पेले मुद्दाम महाग सांगायचे आणि बाईनं का म्हणून विचारलं की म्हणायचे, मॅकिन्लीचा टॅरिफ! मॅकिन्ली साधारण ३०० मतांनी पडला. मतदारसंघाच्या सीमाही विरोधकांनी बदलल्या होत्या, तेही एक कारण होतंच, पण त्याच्या पक्षाच्या जागाही देशभर धडाधड गेल्या.

पुढे १८९६ ला तो राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आला, १८९७ ला ड्यूटी परत वाढवली. आणि हाच माणूस ५ सप्टेंबर १९०१ ला बफेलो शहरातल्या भाषणात म्हणाला, की आपण कायम सगळं विकत राहू आणि घेणार मात्र काहीच नाही, असं चालायचं नाही, इतर देशांशी देवाणघेवाणीचे करार करा. कारण तोवर कारखाने इतके वाढले होते की माल घरात खपेना, बाहेरची गिऱ्हाइकं पाहिजे होती. दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या, १४ तारखेला तो गेला. त्याचं नाव घेणाऱ्यांनी हे भाषणही वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता तुमच्या मुलाचं. ड्यूटी तिकडच्या बंदरात तिकडचा आयातदार भरतो आणि मग इथल्या कंपनीकडे भाव कमी करून मागतो. मुलाला विचारा, गिऱ्हाईक ऑर्डरच कापतंय की फक्त भाव पाडतंय, आणि मला कळवा, म्हणजे पुढच्या अंकात त्यावर नीट लिहिता येईल.