स्कोडा गाड्यांची कंपनी मुळात कोणी आणि कशी सुरू केली?

स्कोडा नावाच्या कोणी ही मोटार कंपनी काढली नाही. ते नाव फार नंतर आलं. खरे संस्थापक दोन वाक्लाव: पुस्तकविक्रेता वाक्लाव क्लेमेंट आणि कारागीर वाक्लाव लॉरिन. गाव म्लादा बोलेस्लाव, आज चेक प्रजासत्ताकात, तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्यात.

क्लेमेंटची जर्मन बनावटीची सायकल बिघडली. त्याने ती सायकल बनवणाऱ्या कंपनीच्या शाखेला चेक भाषेत पत्र लिहिलं. उत्तर आलं, उत्तर हवं असेल तर आम्हाला समजेल अशा भाषेत लिहा! ज्या प्रदेशात बहुसंख्य लोक चेक बोलत होते, तिथेच हे ऐकावं लागलं. मातृभाषेत लिहिल्याबद्दल असं उत्तर मिळालं की काय वाटतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. क्लेमेंटने लॉरिनला सोबत घेऊन १८९५ मध्ये सायकल दुरुस्तीचं दुकान थाटलं. लवकरच ते स्वतःच्या सायकली बनवू लागले आणि त्यांना नाव दिलं 'स्लाविया'. या नावातच स्लाव (चेक, पोलिश, रशियन अशा भाषा बोलणाऱ्या लोकांची) अस्मिता आहे, आणि मला ती फार भावते.

१८९९ पासून मोटारसायकली आल्या. १९०५ मध्ये फ्रान्समधल्या दूर्दाँच्या आंतरराष्ट्रीय शर्यतीत त्यांचा स्वार वाक्लाव वोंद्रिख (हा तिसरा वाक्लाव!) पहिला आला. त्याच वर्षी पहिली मोटार तयार झाली, 'व्हॉयट्युरेट ए': दोन सिलिंडर, साधारण ७ अश्वशक्ती.

१९२४ मध्ये कारखान्याला मोठी आग लागली. १९२५ मध्ये प्लझेन्य शहरातल्या बलाढ्य स्कोडा उद्योगसमूहात कंपनी विलीन झाली, तिथून हे नाव. आपल्या छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्र्यात कारखाना आहे तो याच स्कोडाचा, आणि भारतात 'स्लाविया' हे नाव आज मोटारीवर दिसतं.