पहिल्यांदाच मित्रांना बोर्ड गेम खेळायला घरी बोलवायचं असेल तर कोणता खेळ निवडावा?

तुम्ही लिहिलंय की सहाजण येणार आहेत, लुडो आणि व्यापार सोडून कुणी काही खेळलेलं नाही, आणि थोड्या वेळात सगळे मोबाईल काढून बसतील अशी धास्ती वाटतेय. खेळ निवडताना मी एकच गोष्ट बघते: भिडूला रिकामं किती वेळ बसावं लागतं. मोबाईल खिशातून निघतो तो तेव्हाच.

व्यापारात नेमकं हेच होतं. एकाचं दिवाळं निघालं की तो उठतो, आणि बाकीच्यांचा डाव पुढे तासभर चालूच राहतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत हे चालून जायचं. कामावरून दमून आलेल्या माणसाला मात्र आपणच बोलवायचं आणि आपणच बाजूला बसवायचं, हे मला पटत नाही.

सहाजणांसाठी कोडनेम्स घ्या. व्लादा ख्वातिल यांचा २०१५ सालचा खेळ आहे. तिघातिघांचे दोन गट, मधे पाच ओळींत पाच-पाच असे २५ शब्द. कुठला शब्द कुणाचा हे प्रत्येक गटातल्या एकालाच माहीत असतं. त्याने इशारा म्हणून फक्त एक शब्द आणि त्याच्याशी आपले किती शब्द जुळतात तो आकडा सांगायचा, बाकीच्यांनी ते ओळखायचे. पहिल्या गटाचे ९ शब्द, दुसऱ्याचे ८, कुणाचेच नाहीत असे ७, आणि एक काळा. त्याला हात लावला की डाव तिथेच हरलात.

आम्ही इंदूरला रामबागेत एका मैत्रिणीकडे जमतो, तिथे मराठी शब्दांच्या चिठ्ठ्या करून खेळतो. कुठला शब्द कुणाचा याचा तक्ता इशारा देणारे दोघे वहीच्या कागदावर आखतात. एकदा आमच्या भिडूने सांगितलं, "महेश्वर, तीन." घाट आणि साडी लगेच सापडले. तिसरा नर्मदा की किल्ला? आम्ही हळू आवाजात वाद घालतोय, समोरचे तिघे श्वास रोखून ऐकताहेत, आणि इशारा देणारी चेहऱ्यावरची रेषही हलू देत नाहीये. आम्ही किल्ला म्हटलं, आणि तो समोरच्यांचा निघाला! त्या पाच मिनिटांत पाळी आमची होती, पण रिकामं कुणीच नव्हतं. म्हणून हा खेळ मला इतका आवडतो.

कटानही असाच गुंतवून ठेवतो. क्लाउस टॉयबर यांचा हा खेळ १९९५ साली आला. पटावरच्या तुकड्यांवर आकडे असतात, आणि फाशांची बेरीज येईल त्या आकड्याशेजारी ज्याची वस्ती, त्याला माल. म्हणून फासे दुसऱ्याने टाकले तरी लाकूड, विटा तुम्हालाही मिळू शकतात, शिवाय देवघेवीची घासाघीस चालूच. पण मूळ पेटी तिघाचौघांसाठीच असते, सहाजणांना जोडपेटी वेगळी घ्यावी लागते, आणि नवख्यांचा पहिला डाव सहज दोन तास चालतो. खेळलात तर पहिली वस्ती ६ किंवा ८ च्या शेजारी टाका. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी ६ आणि ८ प्रत्येकी पाच वेळा पडतात, २ आणि १२ एकेकदाच. सात सर्वांत जास्त, सहा वेळा पडतो, पण तेव्हा माल मिळत नाही, चोर हलतो.

नियमांचं पुस्तक वाचून दाखवू नका, हे कळकळीने सांगते. आधी जिंकायचं कसं ते सांगा, मग एक फेरी पत्ते उघडे ठेवून खेळा. उरलेले नियम जिथे अडेल तिथे.

खाण्याचं म्हणाल तर थंडीत आमच्याकडे गराडू, म्हणजे कंदाचे तळलेले तुकडे, हवेच, पण तेल आणि वरून भुरभुरलेल्या जीरावण मसाल्याची बोटं पत्त्यांना लागली की पत्ते कायमचे डागाळतात. डाव सुरू असताना चमच्याने खाता येईल असं ठेवा, भुट्ट्याचा कीस उत्तम. गराडू दोन डावांच्या मधे, हात धुवून मगच पुढचा डाव.

कोडनेम्सची पेटी विकत घेण्याआधी एक संध्याकाळ चिठ्ठ्यांवरच खेळून बघा. तुमची मंडळी रंगली, तर पेटी सगळ्यांनी मिळून घ्या.