फोर्ट्रान आता कशाला?

प्रश्न : मुलगी गोवा विद्यापीठात फिजिक्समध्ये एमएस्सी करते. सर फोर्ट्रान शिकायला सांगतात. 1957 ची प्रोग्रॅमिंगची भाषा आज कशाला? – एक पालक, फोंडा

उत्तर : शिकू द्या हो! आजची पायथन भाषा हवीच, पण तिच्यात मॅट्रिक्स सोडवताना आत बहुधा लॅपॅक हा तयार गणिती प्रोग्रॅमांचा संच राबत असतो, आणि तो मुळात फोर्ट्रानमधला. दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेवर डोळा असेल, तर रोम्स हे सागरी मॉडेलही फोर्ट्रानमध्येच आहे. कणभौतिकीत मात्र वारं फिरलं. सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेत 1995 च्या सुमारास सी प्लस प्लस भाषेतलं रूट हे माहिती-विश्लेषणाचं सॉफ्टवेअर आलं. आता तर तिथल्याच एलएचसीबी प्रयोगात कणांच्या टकरींची पहिली चाळणी ग्राफिक्स कार्डांवर होते. पुढचा जमाना त्यांचाच, असं माझं मत.

बायला एक सांगा. जुन्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी आय ते एन अक्षरांनी सुरू होणारी नावं आपोआप पूर्णांक धरली जातात. वस्तुमानाला इंग्रजीत 'मास' नाव दिलं (सुरुवात एमने), त्यात 2.5 घातले, की उरतात 2! मशीन हूं की चूं करत नाही. वरच 'इम्प्लिसिट नन' लिहायची सवय लावून घे म्हणावं, म्हणजे असं आपोआप धरणं बंद होतं.