‘शाया’ वाचणारा पोरगा चुकतो का?

प्रश्न : बाई, नमस्कार. केळापूर तालुक्यातल्या एका दोनशिक्षकी शाळेवर मी गेल्या वर्षी रुजू झालो. पहिली ते चौथी मिळून 19 मुलं. मुख्याध्यापक मीटिंग आणि माहिती भरण्यात अडकलेले, त्यामुळे बहुतेक दिवस चारही वर्ग माझ्याच खोलीत. परिपाठानंतर मी एक ओळ म्हणतो, मुलं मागून म्हणतात. ऐकायला झकास वाटतं, पण एकेकाला उभं केलं की निम्मी गप्प. दुसरीतला एक मुलगा ‘शाळा’चं ‘शाया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ वाचतो. त्याचे वडीलच परवा म्हणाले, “सर, तुम्ही सुधरवत काहून नाही?” शिवाय पोडावरून, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरून, येणारी दोन मुलं पहिलीत आहेत, ती तर तोंडच उघडत नाहीत. काय करू?
— एक शिक्षक, जि. यवतमाळ

उत्तर : सर, आधी त्या ‘शाया’वाल्याचं बघू, कारण तुमच्या वर्गात खरं वाचणारा कदाचित तोच आहे. त्यानं ळ पाहिला, शब्द ओळखला आणि घरी जसा बोलतात तसा म्हटला. नुसती अक्षरं जुळवत बसला असता तर ‘डो… ळा’ असं तोडून म्हणाला असता आणि कसला डोळा ते त्याला कळलंही नसतं. त्यानं ‘डोळा’च्या जागी ‘डबा’ वाचलं तर मात्र काळजी करा. वडिलांना सांगा, पोराची वऱ्हाडी आहे, वाचनात खोट नाही. लिहिताना ळ लिहितो ना, एवढंच बघा.

आता तुमचं मागून म्हणणं. हे मीही सहा-सात वर्षं केलं, अगदी अभिमानानं. एकदा केंद्रप्रमुख आले असताना माझी दुसरी खणखणीत आवाजात धडा वाचत होती. दारातून वाऱ्याची झुळूक आली, पुढच्या रांगेतल्या पोरीचं पान उलटलं, आणि तिचं वाचन मात्र आधीच्याच पानावरचं, एक शब्द न चुकता सुरू राहिलं! केंद्रप्रमुख भले गृहस्थ, खिडकीबाहेरची पऱ्हाटी (कपाशी) बघत राहिले. मी त्या रात्री जेवले नाही. तेव्हापासून सूर बंद केला. कविता सुरात म्हणाव्यात, त्यात गोडी आहे. धड्याला मात्र ज्याचं त्याचं बोट हवं.

साठपर्यंत पट असेल तर दोन शिक्षक, हे 2009च्या शिक्षणहक्क कायद्यातलंच गणित आहे. म्हणजे चार वर्ग एका खोलीत हा प्रकार काही उद्या संपत नाही. मग त्याचाच फायदा घ्या. टाटपट्टीवर मोठा आणि लहान शेजारी बसवा, दोघांत एकच पुस्तक. बोट लहानाचं फिरेल. लहान अडला की मोठ्यानं मनात पाच मोजायचे आणि मगच शब्द सांगायचा. हे पाच मोजणं मुलांना सगळ्यात जड जातं. (आपल्यालाही.) रोज वीस मिनिटं पुरे.

जोड्या लावताना मात्र हुशाराला कच्च्याशेजारी बसवू नका, तो स्वतःच वाचून मोकळा होतो. चौथीतला जो अडखळतो ना, त्याला पहिलीतलं पोर द्या. माझ्याकडे एक होता. दरवर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत आईबापाबरोबर वावरात, जानेवारीत शाळेत उगवायचा तो सगळं विसरून. चौथीत असून दुसरीचं पुस्तक हातात धरायची त्याला लाज वाटे. पण ‘लहान्याला वाचून दाखवायचं आहे’ म्हटल्यावर तेच पुस्तक तो पिशवीत घालून घरी नेऊ लागला, उद्या लहान्यासमोर फजिती नको म्हणून. होळीपर्यंत गडी सुटला.

पोडावरच्या मुलांची गोष्ट वेगळी. वऱ्हाडी ही मराठीच, पण कोलामी तेलुगूच्या कुळातली, द्राविडी. त्या लेकरांना तुमचं बोलणंच कळत नसेल तर वाचायचं काय? त्यांच्याच पोडावरचं तिसरी-चौथीतलं कुणी असेल तर जोडीला तेच द्या. पुस्तक मिटून आधी चित्रावर बोलू द्या, त्यांच्या भाषेत. तुम्हीही दहा-वीस शब्द शिका. सर चुकले की ती हसतील, आणि एकदा हसली की बोलतील.

आणखी एक. तान्हा पोळा म्हणजे पोरांचा लाकडी बैलांचा पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला आपापल्या लाकडी बैलाबद्दल एक वाक्य विचारत असे आणि ते बोललं तसं फळ्यावर लिहीत असे. एकीनं सांगितलं, “माह्या बैलाले एकच शिंग हाय.” शेजारी मी पुस्तकी वाक्य लिहिलं, “माझ्या बैलाला एकच शिंग आहे.” काय काय बदललं ते पोरांनीच शोधून काढलं, ‘ले’चा ‘ला’ झाला म्हणून टाळ्या पिटल्या. फळ्यावरचं ते वाक्य वाचता आलं नाही असं एकही पोर निघालं नाही, ज्याचं त्याचं होतं ना! पुसू नका म्हणून दोन दिवस गणितं पाटीवर करावी लागली.

पुस्तकं कमी पडत असतील तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक बघा. 1971पासून निघतं, जुने अंक इंटरनेटवर आहेत. चार-चार पानं छापून घ्या आणि जाड दोऱ्यानं शिवून टाका, फाटली तरी रडू येत नाही.

या वीस मिनिटांत गलका होईल. मुख्याध्यापकांना आधीच सांगून ठेवा, आणि जमलं तर एखाद्या पोरासमोर त्यांनाही बसवा.