वाचकांचे प्रश्न : उबुंटूची नवी एलटीएस आली की लगेच घ्यायची का?

प्रश्न : नौपाड्यात आमचे कर सल्लागाराचे ऑफिस आहे. तीन पीसींवर उबुंटू (मोफत लिनक्स ऑपरेटिंग सिस्टीम) २२.०४ आहे, एकावर २४.०४. एप्रिल २०२६ मध्ये २६.०४ एलटीएस (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती) येणार आहे. आल्या आल्या सगळे पीसी अपग्रेड करावेत का? डीएससी टोकन (डिजिटल स्वाक्षरीचे यूएसबी उपकरण) आणि जुन्या लेझर प्रिंटरची धास्ती वाटते.
— एक वाचक, ठाणे (प.)

उत्तर : धास्ती रास्त आहे, पण घाई कसली? एलटीएसला पाच वर्षे सुरक्षा अपडेट मिळतात. त्यामुळे २२.०४ एप्रिल २०२७ पर्यंत बिनघोर चालेल, २४.०४ त्यापुढे आणखी दोन वर्षे. शिवाय जुन्या एलटीएसवर नव्या एलटीएसची सूचना पहिल्या दिवशी येतच नाही. '.१' ही सुधारित आवृत्ती निघाली की मगच येते. २२.०४.१ आणि २४.०४.१ दोन्ही ऑगस्टात आल्या होत्या. ऑगस्ट ते ऑक्टोबर तुमच्याकडे ऑडिट आणि रिटर्नची धामधूम, तेव्हा कामाच्या पीसींना दिवाळीनंतरच हात लावा.

२२.०४ वरून थेट २६.०४ वर जाता येत नाही, मधे २४.०४ घ्यावीच लागते. तीन पीसींवर हा दुहेरी खटाटोप करण्यापेक्षा बॅकअप घेऊन कोरे इन्स्टॉलेशन केलेले बरे.

एप्रिलमध्ये फक्त चाचणी घ्या. पेनड्राइव्ह १६ जीबीचा घ्या, २४.०४ ची आयएसओ फाइलच (इन्स्टॉलेशनची फाइल) सहा जीबीच्या आसपास होती. उतरवलेल्या फाइलचा चेकसम (फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारा आकडा) जुळतो ना ते पाहा, मग पेनड्राइव्हवरून बूट करून इन्स्टॉल न करता वापरून पाहण्याचा पर्याय निवडा. हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. मात्र सगळे रॅममध्ये चालत असल्याने रीस्टार्ट केले की बसवलेला ड्रायव्हर गेला. म्हणून टोकन, प्रिंटर, मराठी टायपिंग एकाच बैठकीत तपासा.

टोकन अडते ते बहुधा लायब्ररींमुळे, म्हणजे अनेक सॉफ्टवेअरना लागणाऱ्या सामायिक फाइलींमुळे. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) ३ आले आणि जुन्या १.१ वर बेतलेली साधने बंद पडली. २४.०४ मध्ये कित्येक लायब्ररींच्या पॅकेजांची नावे बदलली, त्यामुळे जुनी डेब फाइल (उबुंटूवर सॉफ्टवेअर बसवण्याची फाइल) 'डिपेंडन्सी मिळत नाही', म्हणजे लागणारी लायब्ररी सापडत नाही, म्हणून थांबते. उगाच जबरदस्तीने बसवू नका. टोकन देणाऱ्याकडून नवा ड्रायव्हर मागा. प्रिंटर कॅप्ट (कॅननची स्वतःची प्रिंटिंग पद्धत) पद्धतीचा जुना कॅनन असेल तर त्याचा ड्रायव्हर आधी शोधून ठेवा, तो उबुंटूसोबत येत नाही. आणखी एक : २५.१० पासून उबुंटूच्या डेस्कटॉपवर झॉर्ग सेशन नाही, फक्त वेलँड (दोन्ही पडद्यावर चित्र दाखवणाऱ्या यंत्रणा; झॉर्ग जुनी, वेलँड नवी). दुरून पीसी हाताळण्याचे तुमचे सॉफ्टवेअर त्यावर चालते का, तेही पाहा.

२४.०४ चा पीसी जागच्या जागी अपग्रेड करायला हरकत नाही. डिस्कवर बूट विभाग (पीसी सुरू करणाऱ्या फाइलींचा भाग) वेगळा असेल तर जुनी कर्नल (सिस्टीमचा गाभा) काढून जागा करा. तो भरलेला असला की अपग्रेड अडते. बाहेरचे पीपीए (उबुंटूबाहेरचे सॉफ्टवेअर देणारे स्रोत) अपग्रेडमध्ये आपोआप बंद होतात, ते नंतर एकेक करून सुरू करा. पीसी यूपीएसवर हवाच. मधेच वीज गेली तर पॅकेजे अर्धवट राहतात आणि पीसी सुरूच होईना अशी वेळ येते.

प्रश्न : माझ्या जुन्या लॅपटॉपवर २६.०४ ची बीटा (अंतिम आवृत्तीआधीची चाचणी आवृत्ती) टाकू का? नंतर पुन्हा सगळे इन्स्टॉल करावे लागेल?
— एक विद्यार्थिनी, नेरुळ

उत्तर : प्रोजेक्टच्या फाइल त्यावर नसतील तर खुशाल टाका. पुन्हा इन्स्टॉल करावे लागत नाही. नेहमीचे अपडेट घेत राहिलात की बीटाचीच अंतिम आवृत्ती होते.