पाचव्या महिन्यात एसव्हीटी निघाली, गोळी घेऊ की नको?

तुम्ही लिहिलंय की पाचवा महिना चालू आहे, धडधड सुरू झाली की ठोके १८०च्या पुढे जातात, ईसीजीत एसव्हीटी (हृदयाचे ठोके अचानक फार वेगाने पडायचा त्रास) निघाली आणि डॉक्टरांनी मेटोप्रोलॉल ही ठोके आवरायची गोळी दिलीय. घरचे म्हणतात, दोन जिवांची असताना हृदयाची गोळी नकोच. बाळाला काही होईल का आणि सिझरच करावं लागेल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

मी डॉक्टर नाही, पारोळ्याला शाळेत शिकवते. पण माझ्या दुसऱ्या वेळी हेच झालं होतं. ती मुलगी आता चार वर्षांची आहे आणि हे लिहितेय तेव्हा माझ्या चपला घालून अंगणात फिरतेय.

मला पहिल्यांदा त्रास झाला तो आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेरजवळ माहेरी. सहावा महिना होता. बहिणी झोक्यावर, आई खापरावर मांडे टाकत होती, मी ओट्यावर बसून आंबे पिळत होते. खाली पडलेली कोय उचलायला वाकले आणि छातीत कुणी बटण दाबल्यासारखं झालं. गळ्यातली पोत ठोक्याबरोबर हलताना दिसत होती. काकू म्हणाली, "नजर लागनी शे, दुसरं काही नही," आणि मीठमिरच्या ओवाळायला घेतल्या. वीस मिनिटांनी धडधड जशी आली तशी एका झटक्यात थांबली. श्रेय अर्थातच मिरच्यांना गेलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. ईसीजी नॉर्मल, कारण तोवर सगळं थांबलेलं होतं. "टेन्शन घेता तुम्ही," असं ऐकून परत आले. पुढच्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी धडधड चालू असतानाच जवळच्या सरकारी दवाखान्यात पोचले. तिथल्या सिस्टरने काही न विचारता आधी ईसीजीची पट्टी काढली. मिनिटाला १९६. त्या वीतभर कागदानंतर मला कुणी टेन्शनचं नाव सांगितलं नाही. म्हणून सांगते, धडधड चालू असतानाची पट्टी मोबाईलमध्ये ठेवा आणि एक झेरॉक्स पर्समध्ये.

आता भीतीचं. एसव्हीटी म्हणजे हार्ट अटॅक नव्हे, ब्लॉकेजही नव्हे. हृदयात विजेची एक जास्तीची वाट असते, बहुतेकदा जन्मापासूनच, आणि कधीतरी वीज तिथे गोल गोल फिरत राहते. गरोदरपणात अंगातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं, ठोके एरवीही मिनिटाला १०-२० ने वाढतात, त्यामुळे दबून असलेला त्रास वर येतो. मात्र या दिवसांतली प्रत्येक धडधड एसव्हीटी नसते. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासलं नसेल तर तपासून घ्या.

गोळीबद्दल सांगायचं तर मेटोप्रोलॉल गरोदर बायकांना वर्षानुवर्षं दिलं जातं. पहिले तीन महिने शक्यतो औषध टाळतात, ते तुमचे उलटून गेलेत. मात्र पाकिटावरचं नाव नीट वाचा. अ‍ॅटेनोलॉल हे त्याच घराण्यातलं असलं तरी त्याने बाळाचं वजन कमी भरू शकतं, म्हणून ते टाळतात. दमा असेल तर आधीच सांगा. गोळी मनाने बंद करू नका, एकदम सोडली तर धडधड उलट उसळते. बाळाची वाढ सोनोग्राफीत बघत राहतील आणि जन्मल्यावर दिवस-दोन दिवस त्याची साखर आणि ठोके तपासतील. बालरोगतज्ज्ञांना तुमच्या गोळीचं नाव माहीत हवं, एवढं बघा.

घरी करायचा उपाय मला धुळ्याच्या डॉक्टरांनी शिकवला. दहा एमएलची सुई नसलेली सिरिंज तोंडात धरायची आणि आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोराने पंधरा सेकंद फुंकायचं. मग लगेच आडवं व्हायचं आणि कुणीतरी दोन्ही पाय पंधरा सेकंद वर धरायचे. पोट मोठं झाल्यावर पाठीवर सपाट झोपायचं नसतं, म्हणून माझ्या उजव्या कुशीखाली उशी असायची. पाच वेळांपैकी दोनदा जमलं. तुम्ही आधी डॉक्टरांसमोर एकदा करून बघा. ठोके उतरवायला डॉक्टर कधी मानेची शीर चोळतात, ती मात्र घरातल्या कुणालाही चोळू देऊ नका.

नाही जमलं तर दवाखान्यात अ‍ॅडिनोसिन हे धडधड थांबवणारं इंजेक्शन शिरेतून देतात. माझ्या वेळी सिस्टरने औषध झटकन सोडलं, मागोमाग सलाईन ढकललं आणि माझा हात वर धरला. चार-पाच सेकंद वाटलं, आता संपलंच. छातीवर कुणी बसलंय, पट्टीवर रेघ सपाट, नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. मग एक ठोका, दुसरा, आणि मॉनिटरवर ९२. हे कुणी आधी सांगितलं असतं तर मी सिस्टरचं मनगट ओरबाडलं नसतं. औषध रक्तात काही सेकंदच टिकतं, त्यामुळे बाळापर्यंत पोचायच्या आत संपतं. प्रकृती फारच ढासळली तर शॉक देतात, आणि तोही गरोदरपणात देता येतो.

धडधड पंधरा-वीस मिनिटांत थांबली नाही तर निघा. चक्कर, छातीत दुखणं, दम लागणं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तेवढंही थांबू नका, १०८ ला फोन करा. घरच्यांना नजर काढायचीच असेल तर गाडी येईपर्यंत काढू द्या, माझी काकू तसंच करायची.

सिझर फक्त एसव्हीटीमुळे करत नाहीत. माझं बाळंतपण श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आठवड्यात, नॉर्मल झालं. पण गावातलं नेहमीचं प्रसूतिगृह सोडून मी धुळ्यात, आयसीयू आणि फिजिशियन असलेल्या ठिकाणी नाव घातलं होतं. सासरी त्यावरून थोडी कुरबुर झाली, ती मी होऊ दिली. आणि लवकर आलेल्या कळा थांबवायला जी औषधं देतात, त्यातल्या काहींनी ठोके वाढतात. सर्दीच्या काही गोळ्यांचंही तसंच. कुणीही काहीही द्यायला आलं की आधी एसव्हीटीचं सांगा.

मूळ दुखणं काढायचं तर अ‍ॅब्लेशन. जांघेतल्या शिरेतून तार नेऊन ती जास्तीची वाट जाळतात. गरोदरपणात, औषधांनी अगदीच आवरेना तरच करतात. मी मुलगी दोन वर्षांची झाल्यावर नाशिकला करून घेतलं. तेव्हापासून गोळी नाही.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना एक नक्की विचारा: धडधड नसतानाच्या ईसीजीत डब्ल्यूपीडब्ल्यू (ती जास्तीची वाट एरवीच्या ईसीजीतही दिसते तो प्रकार) दिसतंय का? दिसत असेल तर व्हेरापामिल, डिगॉक्सिन अशी ठोके आवरायची काही औषधं धोक्याची ठरू शकतात. तेव्हा डब्ल्यूपीडब्ल्यू हे नाव पट्टीच्या झेरॉक्सवर लाल पेनाने लिहून ठेवा. रात्री दोन वाजता ड्युटीवर कुठला डॉक्टर असेल, काही सांगता येत नाही.