वखारीतलं ‘शिसव’ खरंच शिसव आहे का?

मुलीकडे परदेशी पाठवायच्या चौरंगासाठी लाकूड घ्यायचंय, पण वखारवाला एकाच भावात दोन रंगांच्या फळ्या ‘शिसव’ म्हणून दाखवतोय, त्यातली एखादी शिसम असू शकते का, असं तुम्ही विचारलंय. असू शकते. दोन्ही झाडं डालबर्जिया वंशातलीच. शिसव म्हणजे डालबर्जिया लॅटिफोलिया, आपल्या सह्याद्रीतलं, सावकाश वाढणारं. शिसम म्हणजे डालबर्जिया सिसू, मूळचं हिमालयाच्या पायथ्याच्या नद्याकाठचं. शिसमही चांगलं लाकूड आहे, पण शिसवाच्या भावात घेऊ नका.

पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून काहीच ठरवू नका. फळीच्या मागच्या बाजूला रंध्याचे दोन हात मारायला सांगा. शिसवाचा गाभा जांभळट तपकिरी आणि त्यात काळ्या रेघा. ताजा कापला की मंद गोडसर वास येतो. शिसम सोनेरी तपकिरीकडे झुकतं. रंध्याखाली फिकं लाकूड उघडं पडलं, तर वरचा काळेपणा रंगाचा आहे. सर्व बाजूंनी १० सेंमीचा चौकोनी ठोकळा मिळाला तर तोलून बघा: वाळलेलं शिसव साधारण ८५० ग्रॅम भरतं, साग ६५० च्या आसपास. शिसम मात्र शिसवाच्या बरंच जवळ येतं, तेव्हा नुसत्या वजनावर विसंबू नका. उभं झाड असेल तर पानच बघा. शिसवाची पर्णिका (संयुक्त पानातलं एक छोटं पान) गोलसर, टोकाला बारीक खाच. शिसमाची टोकाला निमुळती.

फळीच्या कडेला फिकट पिवळट पट्टा असेल तर तो कापूनच मोजमाप धरा. हे बाहेरचं लाकूड कीड पोखरते आणि खाली पिठासारखा भुगा पडू लागतो. गाभा टिकतो.

सुताराला आधीच सांगून ठेवा: शिसवाच्या छिद्रांत चुन्यासारखे कण असतात, पाती लवकर बोथट होतात. रेषा उलटसुलट असल्याने जाड रंधा मारला की तंतू उचकटतात. पातं वारंवार परजून अगदी पातळ काप घ्यायचे, शेवटी स्क्रेपर (खरवडायची पट्टी). स्क्रूसाठी आधी भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर फळी तडकते.

चौरंग मुलीकडे परदेशी पाठवणार आहात म्हणून एवढं लक्षात ठेवा: २ जानेवारी २०१७ पासून डालबर्जियाचा जवळपास सगळा वंश साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणारा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. तयार वस्तूंना एका खेपेत १० किलो लाकडापर्यंत सूट आहे. त्यापुढे परवाना लागतो. चौरंग आधी तोलून घ्या.